सत्ताविसावी

प्रिय ठकू,

तुला दवाखान्यात पाहून परत आलो त्याला आज चार दिवस झाले. आल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. तुझी आई म्हणते, "घरात माणूस आहे की घड्याळाचा लंबक?" फोनवर आपण रोज बोलतो, पण तुझा खोकला ऐकू आला की मला पुढचं सुचत नाही. मग जेवलीस का, वाफ घेतलीस का, एवढं विचारतो आणि फोन आईच्या हातात देतो. जे बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसलोय. आमच्या वर्कशॉपच्या मागे जुने टायर रचून ठेवायची खोली आहे, तिथे एक मोडकं टेबल आहे. जेवणाच्या सुट्टीत तिकडे कुणी फिरकत नाही. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढलेले, तुला माहीतच आहे. लावून घे.

घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा दुखतोच आहे, पण त्याची तक्रार सध्या मागे पडली आहे, कारण शिवणाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिला तुझी हकीकत सांगायची असते. परवा एक गृहस्थ पँट आखूड करून घ्यायला आले होते, ते बिचारे मापाची पट्टी पायाला लावलेली तशीच अर्धा तास उभे होते. आणि दर वेळी आकडा वाढतो. तू चौदा मुली खाली पाठवल्यास ना? आईच्या सांगण्यात त्या एकोणीस झाल्या आहेत. या आठवड्याअखेर पंचविशी गाठेल असं दिसतंय. मी तिला टोकत नाही. चार दिवसांपूर्वी तुझ्या उशाशी बसून तिने काय सोसलं ते मी पाहिलंय, आता तिला बोलू दे. इथे वर्कशॉपमध्येही तेच. फोरमन सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बापाची लेक शोभते हो." मी हसलो, आणि उठून एका बसच्या चाकांचे नट परत आवळायला गेलो. सकाळीच मी ते आवळले होते.

त्या बुधवारचं तू मला नीट सांगितलं नाहीस. मला जे कळलं ते तुझ्या त्या चष्मेवाल्या मैत्रिणीकडून. तुझ्या वॉर्डबाहेरच्या बाकावर ती मला सगळं सांगत होती, आणि सांगताना चष्मा काढून पुसत होती, परत लावत होती. सकाळची कॉलेजला निघायची घाई, आणि हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कोठीत गाद्यांना आग लागली. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर आधी वास आला, मग धूर. मुली सैरावैरा झाल्या. तू जिन्याच्या तोंडाशी उभी राहिलीस, टॉवेल ओले करून एकेकीच्या हातात दिलेस, भिंतीला धरून उतरा म्हणालीस. तीही तशीच उतरली. अर्ध्या जिन्यावर तिने वळून तुला म्हटलं, "चल ना." तू म्हणालीस, "हो, आलेच." आणि वर गेलीस, न्हाणीघरात कुणी राहिलंय का बघायला. तिथे कुणी नव्हतं. तू परत फिरलीस तोवर जिना दिसेनासा झाला होता. आगीच्या बंबावरच्या लोकांना तू न्हाणीघराच्या दाराशी सापडलीस.

डॉक्टरांना मी एकटाच भेटलो होतो. ते म्हणाले, मुलगी तरुण आहे, फुप्फुसं भरून येतील, हाताच्या भाजल्याचा डाग तेवढा राहील. मग म्हणाले, "अजून तीन-चार मिनिटं आत राहिली असती तर..." आणि खिशातलं पेन काढून कागदावर काहीतरी लिहीत राहिले. ते वाक्य मी अजून घेऊन फिरतोय.

आणि मग तुझ्याजवळ येऊन बसलो. तुला आठवतं का कोण जाणे, सलाईन बदलायला ती उंच नर्स आली होती. तिने तुला सहज विचारलं, "इतक्या धुरात परत वर गेलीस, भीती नाही वाटली?" तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास. आवाज पार बसला होता तुझा. तरी म्हणालीस, "वाटली ना. पण आपण शेवटी निघायचं असतं. बाबांनी दहाव्या वर्षीच शिकवलंय." नर्सने माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं लोक माझ्याकडे ज्या नजरेनं पाहतात, त्याच नजरेनं. मी म्हटलं, पाणी घेऊन येतो. उठलो, जिन्यावरून खाली गेलो, वर आलो, परत खाली गेलो. पाणी आणलंच नाही. तू विचारलंही नाहीस.

ठकू, बसची ती गोष्ट तुला आजवर किती जणांनी सांगितली असेल. आईने, मामाने, शाळेच्या मोठ्या बाईंनी. एकदा तर मी शेजारच्या खोलीत असताना तू स्वतःच ती तुझ्या आतेबहिणीला सांगत होतीस. मी मात्र ती तुला एकदाही सांगितलेली नाही. तुझ्या कधी लक्षात आलं का? विषय निघाला की मला नेमकं काहीतरी काम आठवायचं. गॅस बंद आहे का बघायचा असायचा, गाडीला कुलूप लावलंय का बघायचं असायचं. लोकांना वाटायचं, बाबा फार नम्र आहेत. आज मी सांगतो. उठणार नाही.

तुझी शाळा त्या दिवशी दुपारीच सुटली होती, तुमच्या कुठल्यातरी बाई आजारी होत्या म्हणून. आई दुकानात, घराची किल्ली तिच्याकडे. मी तेव्हा शाळेची बस चालवायचो; लहान मुलांना घ्यायला रिकामी बस घेऊन निघालो होतो, वाटेत तू तुझ्या शाळेच्या फाटकापाशी दप्तर घेऊन उभी दिसलीस. बसमध्ये यादीबाहेरचं मूल घ्यायचं नाही असा नियम होता, आणि शाळेचे वाहतूक बघणारे साहेब त्या बाबतीत फार कडक. मी तुला घेतलं आणि म्हटलं, अगदी मागच्या बाकावर बस, फाटकात साहेब उभे असतील तेव्हा खाली वाक, आणि गाडीत गलका करू नकोस. तू लगेच ऐकलंस. तू ऐकायचीसच. बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या ताईंनी तुला पाहिलं, तुझं दप्तर स्वतःच्या सीटखाली सरकवलं आणि ओठावर बोट ठेवून हसल्या. मग पोरं चढली. सव्वीस. पाच ते आठ वर्षांची सगळी, ज्यांना नाकसुद्धा दुसऱ्याने पुसावं लागतं.

पाचव्या-सहाव्या मिनिटाला डॅशबोर्डखालून जळक्या वायरचा वास आला. मी गाडी बाजूला घेतली, चावी काढली, तोवर पायाशी ज्वाळा दिसली. दार उघडून खाली उडी मारली आणि एकेकाला ओढून घ्यायला लागलो. ताई आतून पोरं पुढे ढकलत होत्या. धूर इतका झटकन भरला की तिसऱ्या रांगेपलीकडचं दिसेना. मोठी पोरं दारात एकदम घुसली, एक लहानगी त्यांच्या पायाखाली येत होती. तेव्हा मी ओरडलो, "थांब, एकेक." त्यांच्यातल्या सगळ्यात पुढच्या पोराला ओरडलो. ताई शेवटच्या दोघांना काखेत घेऊन उतरल्या. मी सगळ्यांना रस्त्यापलीकडे नेलं, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि मोजलं. सव्वीस. परत मोजलं. सव्वीस. खिशातली यादी काढून नावं घेतली, प्रत्येक नावाला ओ आली.

आणि मला हायसं वाटलं. हे लिहायलाच मला चार दिवस लागले. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच पदपथावर बसलो. कुणीतरी पाण्याची बाटली दिली, ती मी तोंडाला लावली. लोक जमले होते. एकाने विचारलं, आत कुणी आहे का? मी म्हणालो, "नाही, सगळी उतरली." चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो. बस समोर जळत होती, आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं माहीत आहे? साहेबांना काय सांगायचं. नोकरीचं काय होणार.

ताई रडणाऱ्या पोरांत गुंतल्या होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तुमची कुठेय?" मी विचारलं, "माझी काय?"

ठकू, मी तुला मागे ठेवलं नव्हतं. मी तुला विसरलो होतो. मन घट्ट केलं, त्याग केला, आपलं मूल शेवटी, यातलं काहीही माझ्या मनात आलं नव्हतं. तू यादीत नव्हतीस. मीच तुला दिसू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि तू मला दिसली नाहीस. ताईंनी विचारलं नसतं तर किती वेळ मी तिथे पाणी पीत बसलो असतो, हे मला आजही सांगता येत नाही. त्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. चाकाचा पाना घेऊन मागची काच फोडली, तू बाकाखाली तोंड दडवून पडली होतीस, तुला खेचून काढलं, तुझ्या मानेला काच लागली. तेवढं खरं आहे. पण लोकांनी गोष्ट तिथून सुरू केली आणि मागे मागे आपल्या मनाने रचत नेली.

मी ती मोडू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तू शुद्धीवर आलीस. शेवटच्या दोन रांगांतल्या लहानग्यांचे सीटचे पट्टे तू सोडवलेस, त्यांना पुढे ढकललंस, हे तू सांगितलंस तेव्हाच मला कळलं. मग तू विचारलंस, "बाबा, मी पण येत होते. पण तुम्ही मला थांब म्हणालात ना?" तुझ्या डोळ्यांत राग नव्हता. तुला फक्त बरोबर ऐकलं की नाही हे हवं होतं, गणिताचं उत्तर पडताळून बघावं तसं. आणि मी म्हणालो, "हो." एवढंच बोललो मी. त्या एका हो वर बाकी सगळं उभं राहिलं. पेपरात आलं, "आधी इतरांची मुलं." शाळेने प्रशस्तिपत्र दिलं, आईने ते भिंतीवर लावलं. यादीबाहेरचं मूल गाडीत कसं, हे साहेबांनी विचारलंसुद्धा नाही. मी बस चालवणं सोडून वर्कशॉपमध्ये आलो, तेव्हा सगळे म्हणाले, धक्का बसलाय बिचाऱ्याला.

मला वाटलं होतं, पोर आहे, विसरेल. तू विसरली नाहीस, तू त्याचा धडा केलास. पंगतीत सगळ्यांचं झाल्याशिवाय तू पान घेत नाहीस. शाळेच्या सहलीला बसमध्ये जागा कमी पडली तेव्हा तू आपण होऊन घरी राहिलीस, आणि तुमच्या लॅबमधून दोघींनाच पुढच्या प्रशिक्षणाला पाठवायचं होतं तेव्हा तू मैत्रिणीला पुढे केलंस. आई चिडून म्हणाली, "ही काय सगळ्यांची राखणदार आहे?" मी मात्र तुझी पाठ थोपटली. माझी छाती फुगायची गं. चांगली मुलगी आहे म्हणून फुगायची, आणि आत कुठेतरी असंही वाटायचं की तू अशी झालीस म्हणजे माझी ती गोष्ट जणू खरीच होती. माझी थाप तू इतकी वर्षं आपल्या वागण्याने खरी करत होतीस आणि मी करू देत होतो.

परवा ताईंकडे गेलो होतो. थकल्या आहेत आता, सुनेच्या घरी खिडकीशी बसून असतात. त्यांना म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, "मी काय बोलणार? मीही शेवटच्या दोघांना घेऊन उतरले तेव्हा मागे बघितलं नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही सांगाल. पोर मोठी झाली की सांगाल." निघताना त्यांनी तुझ्या हाताची चौकशी केली. आज सकाळी आईलाही सांगितलं. ती चेनची शिवण उसवत होती. हातातलं काम थांबलं नाही, वर पाहिलं नाही. पूर्ण उसवून झाल्यावर म्हणाली, "मला कशाला सांगता? तिला सांगा." त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही, डबा मात्र भरून दिला. प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढलंय, कुणी ते विचारू नकोस, कारण मी काढलेलं नाही.

आता हे पत्र का, ते सांगतो. तुझ्या हॉस्टेलच्या बाईंचा काल फोन आला. रविवारी तुझा सत्कार आहे, मी यावं आणि दोन शब्द बोलावेत, अशी मुलगी कशी घडवली ते सांगावं. मी बघतो म्हणालो. मी येणार आहे, पण बोलणार नाही, आणि का बोलणार नाही ते तुला त्या आधी कळलं पाहिजे, तेही माझ्याकडून. तू त्या मुलींना वाचवलंस, लहानपणी त्या पोरांचे पट्टे सोडवलेस, ते सगळं तुझं आहे. मी त्यातलं काही शिकवलेलं नाही, माझं नाव त्यात घेऊ नकोस. तुला माझा राग येईल. येऊ दे, मी तुला समजावायला येणार नाही. रविवारी हॉस्टेलच्या फाटकाशी उभा राहीन. भेटायचं नसेल तर आईला सांग, मी तिथूनच परत फिरेन. पण एक मात्र माझं ऐक, शेवटचं म्हणून ऐक. न्हाणीघरात कुणी नव्हतं, ठकू. तू रिकाम्या खोल्यांसाठी परत वर गेलीस, कारण दहाव्या वर्षी आपल्या बापाने आपल्याला थांब म्हटलं असं तुला वाटतं. मी ते तुला म्हटलं नव्हतं. तुला कुणीच म्हटलं नव्हतं. तू तेव्हाच बाहेर यायला हवी होतीस, दारातल्या त्या गर्दीत घुसून, कुणाच्या पायावर पाय देऊन, सगळ्यांच्या आधी. यापुढे कुठेही असं काही झालं, तर ज्याला हात देता येईल त्याला दे, आणि त्याच्या बरोबरीने बाहेर ये. मागे वळू नकोस. मी सांगतोय म्हणून नव्हे, माझं ऐकून काय होतं ते तू पाहिलंस. तुला जगायचंय म्हणून.

तुझाच,
बाबा